बूड नसलेली झाडं

संपादकांचा फोन आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. दिवाळी अंकात ज्यांचे नोकरीचे अनुभव छापून येतात, त्यांची निदान तीस वर्षं सेवा झालेली असते. माझी अडीच झाली आहेत, तीही एम.एस्सी. करता करता. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे कुठल्या गोष्टीला अनुभव म्हणायचं आणि कुठल्या गोष्टीला नुसती फजिती, हे विचारायलाही घरी कुणी नाही. पण संपादक म्हणाले, फजिती असेल तर तीच लिहा. म्हणून लिहिते.

माझं काम असं की मी भंडाऱ्यात बसून दक्षिणेकडच्या बर्फाळ समुद्रातले क्रिल शोधते. हे वाक्य मी आजवर किती जणांना सांगितलं असेल याचा हिशेब नाही, आणि ऐकून पुढचा प्रश्न न विचारणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. भंडाऱ्यात समुद्र कुठे आहे? क्रिल म्हणजे काय? सरकारी आहे का? हे तीन प्रश्न कायम याच क्रमाने येतात. समुद्र नाही. क्रिल म्हणजे बोटाएवढा, झिंग्यासारखा दिसणारा जीव. थंड समुद्रात त्याचे थवेच्या थवे असतात आणि देवमासे, पेंग्विन, सील त्यांच्यावर जगतात. आणि नाही, सरकारी नाही, प्रकल्पापुरती आहे. तिसरं उत्तर ऐकलं की समोरच्याला पहिल्या दोन उत्तरांत रस राहत नाही.

लाखांदूरच्या बसमध्ये मला ‘झिंगेवाली’ म्हणतात. आमच्या मामांनी एकदा शेतातल्या लहान तळ्याकडे, बोडीकडे, बघत फार गंभीरपणे विचारलं होतं, "वैशू, आपल्या बोडीत सोडता येतील का व ते? चार महिने पानी रायते." मी सांगितलं की मामा, त्यांना बर्फाचं पाणी लागतं. मामा म्हणाले, "मग हिवाळ्यात सोडू."

काम कसं चालतं ते थोडक्यात सांगते. जहाजाच्या पोटाला खालच्या बाजूने थाळीएवढं एक यंत्र बसवलेलं असतं. ते सरळ खाली आवाज सोडतं, आपल्या कानाला ऐकू येणार नाही इतका बारीक. तो आवाज पाण्यातून जाताना कशावर आपटला की त्यातला थोडा परत येतो. परत यायला किती वेळ लागला यावरून खोली कळते आणि किती जोरात आला यावरून तिथे काहीतरी दाट आहे की विरळ ते कळतं. जहाज पुढे जात राहतं, यंत्र आवाज सोडत राहतं, आणि संगणकावर डावीकडून उजवीकडे एक रंगीत चित्र उमटत जातं. त्याला एकोग्राम म्हणतात. दाट तिथे लाल, विरळ तिथे निळं, काहीच नाही तिथे पांढरं.

हे चित्र समुद्रातून येतं तेव्हा त्यात क्रिलपेक्षा कचराच जास्त असतो. वादळात जहाजाखाली बुडबुडे शिरतात, त्यांचाही प्रतिध्वनी येतो. जहाजावरची दुसरी यंत्रं आपापले आवाज सोडतात, त्यांच्या उभ्या रेघा पडतात. हा सगळा कचरा हाताने, एकेक तुकडा निवडून, पुसायचा असतो. त्याला आम्ही सफाई म्हणतो. सफाई झाली की मग दोन आवाजांची तुलना करतात. यंत्र एक जाड आवाज सोडतं आणि एक बारीक. क्रिल बारीक आवाजाला जास्त जोरात उत्तर देतात, मोठे मासे तसं करत नाहीत. त्यावरून हे क्रिल आहेत की दुसरं काही, ते ठरतं. पण हे सगळं सफाईनंतर. सफाईत जे पुसलं गेलं, त्याला पुढे कुणी काही विचारत नाही.

सफाई मी करायची. डॉ. कापगते मॅडम, म्हणजे ज्यांचा हा प्रकल्प आहे त्या, एकदा जहाजावर जाऊन आल्या होत्या. त्यांनी आणलेल्या डिस्कमधल्या फाइलींची सफाई करायला त्यांनी मला ठेवलं. कॉलेजच्या मागच्या खोलीत एक संगणक, एक पंखा आणि मी. वीज गेली की अर्धी फाइल जायची. बॅटरी मागवायचा अर्ज मी तीनदा लिहिला. तिसऱ्या अर्जावर शेरा आला की समुद्रावरच्या कामासाठी समुद्रकिनाऱ्यावरील कार्यालयातून मागणी यावी. मला शेरा चार वेळा वाचावा लागला.

पण त्याच्याही आधी मला हे काम शिकवलं ते गोसीखुर्द धरणाच्या पाण्याने. मॅडमकडे एक लहान यंत्र होतं, मासेमारीच्या बोटीला बांधता येईल असं. त्यावर आम्हा विद्यार्थ्यांचा हात बसावा म्हणून त्यांनी धरणाच्या फुगवट्यातले मासे मोजायचं ठरवलं. बोट होती नामदेवकाकांची. त्यांचं जुनं गाव धरणात गेलेलं, आणि आता ते त्याच पाण्यावर मासे धरतात. सकाळी सहाला बोटीत बसायचं, मी संगणकावर बघायचं आणि काकांनी वल्हवता वल्हवता माझ्या खांद्यावरून बघायचं, असं दोन महिने चाललं.

पहिल्याच दिवशी पडद्यावर लालभडक उभे खांब दिसले. मी ओरडलेच, "काका, केवढा मोठा थवा!"

काका हसले नाहीत. त्यांना माझा एवढ्यातच कंटाळा आला होता. "मासोरी नोहे ते. चिंच हाय गोविंदाच्या वावराच्या धुऱ्यावरची. पानी चढलं तवा उभीच रायली. समोर चाल, दोन मोहाचे झाडं लागतेत."

पुढे खरंच दोन खांब लागले. धरणात ठिकठिकाणी अशी बुडालेली झाडं उभी आहेत आणि यंत्राला ती माशांच्या थव्यासारखीच दिसतात. मग मॅडमनी आम्हा सगळ्यांसाठी सफाईची एक यादी केली. त्यात चौथा नियम होता: उभा, दाट, कडक कडांचा खांब दिसला तर पुसून टाका. मी ती यादी छापून संगणकाच्या वर चिकटवली. काका दर खांबाला झाडाचं नाव सांगायचे आणि मी पुसायची. "पुसला का व आंबा? पुस. तसाही खट्टाच होता."

त्या यंत्राची बातमी पसरली ती निराळीच. लाखनीला रस्त्यावर मोठं दुकान असलेले एक गृहस्थ कॉलेजात आले. त्यांची पाण्याची मोटर विहिरीत पडली होती आणि ती आमच्या यंत्राने शोधून द्यावी असं त्यांचं म्हणणं. मॅडम नाही म्हणाल्या. ते दुसऱ्या दिवशी प्राचार्यांना घेऊन आले. शेवटी आम्ही गेलो. विहीर अरुंद, आवाज चारही भिंतींवर आपटून परत आला आणि अख्खा पडदा लाल झाला. ते गृहस्थ खूश. "म्हणजे हाये ना मोटर!" मी सांगितलं, ही मोटर नाही, ही विहीर आहे. ते म्हणाले, "विहीर त मले बी दिसून राहिली, मॅडम. त्याच्यासाठी तुमाले कायले बोलावलं?"

मग समुद्राच्या फाइली आल्या. सात महिने मी त्या साफ केल्या. या सात महिन्यांवर माझी एक मोठी संधी अवलंबून होती, ते आधीच सांगून टाकते. पुढच्या मोहिमेच्या जहाजावर आमच्या प्रकल्पाला दोन जागा होत्या. एक मॅडमची, एक कनिष्ठ सहायकाची. मॅडमचा अहवाल गेला की त्यावर ज्याचं काम असेल त्याची शिफारस होणार, आणि अहवालावर मॅडमच्या खाली माझं नाव होतं. मॅडम मला एवढंच म्हणाल्या होत्या, "गरम कपडे आहेत का तुझ्याकडे?" मी घरी सांगितलं आणि बाबांनी ते लाखांदूरच्या बाजारात सांगितलं. त्यानंतर मला गप्प बसवणं कुणालाच शक्य नव्हतं, कारण बोलत मी नव्हतेच, सगळा तालुका बोलत होता.

श्रावणात कॉलेजात प्रदर्शन होतं. त्यासाठी मी एक मोठा कागद छापून घेतला. डावीकडे ‘सफाईच्या आधी’, उजवीकडे ‘सफाईनंतर’. मला तो फार आवडला होता. डावीकडे नुसता गोंधळ, उजवीकडे स्वच्छ, निळसर पाणी आणि त्यात इथे तिथे थोडे विरळ ठिपके. अहवालाचा निष्कर्षही तोच होता: या पट्ट्यात क्रिल विरळ आहेत. अहवाल सोमवारी जायचा होता. शुक्रवारी मी आमची उरलेली दोन लाइफ जॅकेटं आणायला नामदेवकाकांकडे गेले, आणि हातात तो गुंडाळलेला कागद होता म्हणून त्यांना दाखवला. खरं सांगायचं तर कौतुक करून घ्यायचं होतं.

काकांनी कागद खाटेवर पसरला, दोन्ही टोकांना दोन चपला ठेवल्या आणि बराच वेळ बघितलं.

"हे काहून पुसलं?" त्यांनी डावीकडच्या लाल खांबांवर बोट ठेवलं. उजवीकडे त्या जागी काहीच नव्हतं.

"खांब आहेत ना काका. नियमच आहे आपला."

"झाडं होय?"

"झाडं नाही. समुद्रात झाडं कुठली? जहाजावरच्या दुसऱ्या यंत्राचा आवाज असेल. काहीतरी अडथळा."

"आन् खाली जमीन कोठी हाय?"

"जमीन दिसत नाही. खूप खोल आहे तिथे. आपण वरचाच भाग बघतो."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आपल्या धरनात झाड दिसे तवा बुडापासून वर दिसे का नाही? चिंच, मोह, समदे. हे पाह्य. हा खांब मंधातच सुरू होते आन् मंधातच संपते. याले बूड नाही आन् शेंडा नाही. अधांतरी झाड रायते का कोठी?"

"पण यंत्राचा आवाज..."

"यंत्राचा आवाज असन त वरपासून खालपर्यंत रेघ पडन ना व. तूच त सांगे बोटीत. हे त मंधातच लटकून हाय." आणि मग ते वैतागून म्हणाले, "दोन महिने मी तुले झाडं दाखवले पोरी, ते झाडं ओरखाले. दिसन ते पुसाले नाही."

मी कागदावर वाकून ते खांब परत बघितले. ते बरोबर बोलत होते. जहाज वेगात जातं, त्यामुळे खूप लांब पसरलेला थवाही पडद्यावर दाबला जाऊन अरुंद, उभ्या खांबासारखा दिसतो. हे मला माहीत होतं. परीक्षेत मी हे आकृतीसह लिहिलं होतं. आणि तरी सात महिने, रोज, संगणकाच्या वर चिकटवलेली धरणाची यादी बघून मी तोच खांब पुसत आले होते. मला यादीचा राग आला, मग काकांचा आला, मग त्या कागदाचा. स्वतःचा यायला पवनीचं बसस्थानक यावं लागलं.

तिथून मी मॅडमना फोन लावला. दोनदा कट झाला. तिसऱ्यांदा लागला तेव्हा मागे साकोलीच्या गाडीची घोषणा चालू होती.

"मॅडम, खांब पुसायचे नव्हते."

"कुठले खांब?"

"समुद्राचे. ते बहुतेक क्रिल आहेत."

"बहुतेक?"

"तपासायचं आहे. मी अजून भंडाऱ्याला पोचले नाही."

"किती फाइलींमध्ये पुसलेस?"

"सगळ्या."

मग त्या म्हणाल्या, "मूळ फाइली आहेत ना?"

"आहेत. मी प्रतीवर काम केलंय."

"मग बसमध्ये बस आणि ये. मी लॅब उघडायला लावते."

लॅबमध्ये पोचल्यावर मॅडमसमोर मूळ फाइल उघडली. एक खांब निवडला. त्याचं जाड आवाजाचं उत्तर एका बाजूला, बारीक आवाजाचं दुसऱ्या बाजूला. बारीक आवाजाचं उत्तर कितीतरी जोरात होतं. दुसरा खांब, तसाच. पाचवा, दहावा, तसाच. ज्या समुद्रात क्रिल विरळ आहेत असं आम्ही लिहून मोकळे झालो होतो, तिथे ते खच्चून भरलेले होते. मॅडमनी पंधरा-वीस खांब बघितले आणि खुर्ची मागे सरकवली.

"तपासणं माझं काम होतं," त्या म्हणाल्या. "मी उजवीकडची चित्रंच बघत राहिले. ती फार छान दिसत होती."

मी विचारलं, "सोमवारी काय करायचं?"

"सोमवारी कळवायचं की अहवाल येणार नाही. का येणार नाही, तेही लिहायचं. आणि तुझी शिफारस त्या अहवालावर होती, हे तुला माहीत आहे."

"हो."

"तुला आत्ता काही म्हणायचंय का?"

मला पुष्कळ म्हणायचं होतं. यादी तुम्ही केली होती, असं म्हणायचं होतं. दुसऱ्या माणसाने तपासल्याशिवाय फाइल पुढे जाऊ नये, असं तुम्हीच शिकवलंत, तेही. बॅटरीचे तीन अर्ज. सात महिने. बाबा आणि लाखांदूरचा बाजार. मी म्हटलं, "नाही."

घरी सांगितलं तेव्हा आईने विचारलं, "त्या मॅडमले समजलं असतं का, तू सांगतलं नसतं त?"

"नाही."

"दुसऱ्या कोनाले?"

"कुणालाच नाही. पुसलेलं कोण बघायला जातं?"

"मग कायले सांगतलं व माय?" आईच्या आवाजात राग नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी तिला समजावून सांगायचा प्रयत्न केला. क्रिल विरळ आहेत असं लिहिलं असतं तर पुढे कुणीतरी त्या आकड्यावर ठरवलं असतं की तिथे किती पकडायचे, कुठले पेंग्विन कशावर जगतात. चुकीच्या चित्रावर आणखी दहा जणांनी आपली चित्रं काढली असती. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मनजे तुले झोप आली नसती. तसं सांग ना सरळ." मला आजही वाटतं की मी सांगत होते ते जास्त शास्त्रीय होतं. पण ती म्हणाली ते जास्त बरोबर होतं.

जहाजावर नागपूरच्या लॅबमधला अनिकेत गेला. चांगला मुलगा आहे, हे मी मनापासून लिहिते आहे. त्याने जाण्याआधी दोन दिवस येऊन माझ्याकडून सफाई शिकून घेतली आणि प्रत्येक वाक्यानंतर "म्हणजे नियम काय?" असं विचारून मला जेरीस आणलं. मी तोवर नवी सफाई निम्म्यावर आणली होती. आता एकेका खांबासाठी दोन्ही आवाज बघायचे, मग ठरवायचं, आणि का ठरवलं ते वहीत लिहायचं. पहिल्यांदा सात महिने लागलेलं काम दुसऱ्यांदा नऊ महिने घेणार हे स्पष्ट होतं. प्राचार्यांनी विचारलं की झालेलं काम परत का करता. मी सांगितलं. त्यांनी विचारलं की मग पहिल्यांदा झालंच कसं. हे समजावून सांगायला मला आणखी एक वर्ष लागलं असतं.

जानेवारीत आमच्या शेतावर धानाची मळणी चालू होती. मशीनच्या आवाजात फोन वाजला तो कळलाच नाही. बघितलं तर अनिकेतचे पाच संदेश. जहाजावर नेट अधूनमधून मिळतं, त्यामुळे संदेश एकदम येतात. पडद्यावर मोठा खांब आहे, त्याने फोटो पाठवला होता. मॅडम आजारी पडून केबिनमध्ये होत्या, जहाज डोलत होतं, आणि जाळं टाकून तपासायला कॅप्टन एकदाच जहाज थांबवणार होते. रिकामं आलं तर पुढचे तीन दिवस कुणी त्याचं ऐकणार नव्हतं. शेवटचा संदेश होता: "नक्की क्रिल का? लवकर सांग."

मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जाऊन उभी राहिले, तिथे सिग्नल बरा मिळतो. अंगावर सगळा भुसा होता. मी विचारलं, दोन्ही आवाजांचे फोटो वेगवेगळे पाठव. त्याने एकाचाच परत पाठवला. मी चिडून परत लिहिलं. वीस मिनिटांनी दोन्ही आले. बारीक आवाजाचा खांब गडद लाल होता. जाड आवाजाचा फिकट. खांब अधांतरी होता. मी लिहिलं, "टाक जाळं."

मग साडेतीन तास काही नाही. बाबांनी दोनदा विचारलं, "काय झालं?" मी दोनदा "काही नाही" म्हटलं. धान पोत्यात भरून झालं. शेवटी फोटो आला. निळ्या टबमध्ये गुलाबी, पारदर्शक, काळ्या डोळ्यांचे क्रिल, काठोकाठ. खाली अनिकेतने लिहिलं होतं, "सगळे क्रिल! मस्त. मग यादीत घालून टाकतो, उभा खांब म्हणजे क्रिल. पुढचा खांब दिसला की तोही तसाच नोंदवू ना?"

आई माझ्या खांद्यावरून फोन बघत होती. "यवढेसे?" ती म्हणाली. "याच्यासाठी तू दीड वर्ष डोरे फोडून राहिली?"

मी अनिकेतला लिहिलं, "यादीत काही घालू नकोस. पुढच्या खांबालाही दोन्ही आवाज बघ, आणि शंका आली तर परत जाळं टाक."

उत्तर लगेच आलं. "कॅप्टन ओरडतील."

मी लिहिलं, "ओरडू देत."